उजव्या बाहीची गोष्ट

दगडाच्या बाईच्या दंडाला टेप लावून माप घेणारी मुलगी पुंडलिकने त्याआधी कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर त्यानंतरही दुसरी कुणी पाहिली नाही.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. जुने विहार पाहायला भिलाईहून दोन बसगाड्या भरून मंडळी सिरपूरला आली होती. विहार पाहून झाले तशी सगळी महानदीच्या काठावर डबे उघडायला पळाली. पुंडलिक मात्र वही घेऊन मागेच रेंगाळला. तो कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचा आणि उरलेल्या वेळात नाटक लिहायचा. एप्रिलमधल्या जयंतीला ते नाटक होणार होतं. जुन्या काळच्या एका कल्पित नगरातली उत्पला नावाची पाथरवटाची मुलगी ही त्याची नायिका. तीन अंक लिहून झाले होते आणि तरी ही उत्पला काही केल्या त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहत नव्हती.

आणि इथे पडक्या भिंतीपाशी ही मुलगी. मोहरीच्या रंगाचा स्वेटर, ओठांत दोन टाचण्या धरलेल्या, आणि हातभर उंचीच्या एका झिजलेल्या मूर्तीला टेप लावलेला...

"ब्लाउज शिवून राहिल्या का तिचा?" त्यानं विचारलं.

तिनं वळून पाहिलं नाही. फक्त एक बोट वर केलं, थांबा म्हणून. आकडा वहीत लिहिला, टाचण्या स्वेटरला टोचल्या आणि मग म्हणाली, "शिवून नाही राहिली, शिवलेला पाहून राहिली. बाराशे वर्षं झाले, हिचा एक टाका उसवला नाही. तुमचं बटन पाहा."

पुंडलिकनं खाली पाहिलं. शर्टाचं तिसरं बटन एका दोऱ्यावर लोंबत होतं.

"ते... बसमध्ये गर्दी होती," तो म्हणाला.

"गर्दीचं नाव कावून घेता? दोरा कच्चा आहे." तिनं पर्समधून सुई काढली. दोरा ओवून, काही न विचारता, ती तिथंच त्याचं बटन लावायला लागली. सुई छातीपाशी, तिचं डोकं हनुवटीपाशी, आणि केसांना आवळ्याच्या तेलाचा वास. पुंडलिकनं श्वास रोखून धरला.

"श्वास घ्या," ती म्हणाली. "कापड ताणलं तं बटन वाकडं बसते."

तिचं नाव सत्यशीला. राहायला भिलाईतल्याच रुआबांध्यात. तिथल्याच एका महिला केंद्रात ती शिवणकाम शिकवायची. ही सगळी माहिती पुंडलिकनं दोरा तुटायच्या आत काढून घेतली, म्हणजे तो काही अगदीच भोळा नव्हता.

"मूर्तीत काय दिसते तुमाले?" त्यानं विचारलं.

"ही कष्टाची बाई आहे. राणीचं वस्त्र पायाच्या घोट्यापर्यंत जाते, हिचं गुडघ्याच्या वर थांबलं. कमरेले दोन वेढे जास्त आहेत, म्हणजे वाकायचं काम असंल. अन् बाही पाहा, लांब अन् घट्ट." तिनं मूर्तीच्या डाव्या दंडावर बोट ठेवलं. उजवीकडून मूर्ती फुटली होती. खांद्याचा थोडा तुकडा तेवढा शिल्लक होता. "इकडचं गेलं. पण डावी आहे तशीच उजवी असंल."

"सिमेट्रिकल," पुंडलिक म्हणाला.

"म्हणजे?"

"दोन्ही बाजू सारख्या. आमच्या ऑफिसात तसं म्हणतात."

ती हसली. ते हसू पाहून पुंडलिकनं आपल्या नाटकाची गोष्ट तिला सांगून टाकली. राजाचा अधिकारी उत्पलाला नगराच्या दरवाज्यावर राजाचा चेहरा कोरायला सांगतो, आणि ती राजाऐवजी दगड फोडणाऱ्या बाया कोरते. सत्यशीला मान कलती करून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "नेसते काय ती?"

"हिरवा शालू. जरीचा."

"शालू नेसून दगड फोडते?"

पुंडलिकनं वहीतल्या शालूवर काट मारली.

"अन् घाम कशानं पुसते?"

तीन अंकांत उत्पलाला एकदाही घाम आला नव्हता. सत्यशीलानं मग आपली वही त्याच्या हातात दिली. पानापानांवर माणसं होती. एक नावाडीण, एक वैद्य, हत्तीला आंघोळ घालणारी एक म्हातारी. प्रत्येकाच्या अंगावर वेगळे कपडे, बाजूला बारीक अक्षरात टिपणं: ही निरी कुठल्या शिल्पात पाहिली, हा काठ कुठल्या जुन्या लुगड्यावरून घेतला, म्हातारीचा पदर खोचलेला का.

"ही कोण माणसं आहेत?"

"कोणीच नाही. मीच केली. कोणत्या काळातली, काय काम करते, हे ठरवाचं, अन् मग जुन्या गोष्टी पाहून तिले कपडे शिवाचे. कागदावरच." मग पुढचं पान उलटून म्हणाली, "चार वर्षं झाले, केंद्रात मी झबली, परकर अन् उशीचे अभ्रे शिकवून राहिली. वहीतलं एकही माणूस अजून उठून उभं नाही राहिलं."

परतीच्या बसमध्ये शेजारचा माणूस पुंडलिकच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होता आणि पुंडलिक हातानं ते तिसरं बटन चाचपत होता. नंतरची दोन वर्षं तो शर्ट त्यानं कुणाला धुवायलासुद्धा दिला नाही, स्वतःच धुतला.

*

जयंती कमिटीचे अध्यक्ष धोंडबाजी. रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज अजून इंजिनाच्या शिटीवर मात करणारा. त्यांच्या कारकिर्दीत प्रत्येक नाटकाची ड्रेपरी, म्हणजे पात्रांचे कपडे, नागपूरहून भाड्यानं यायची. त्यात एक लाल मखमली कोट होता, सोनेरी फितीचा. तो राजानं घातला होता, प्रधानानं घातला होता, आणि एकदा तर सामाजिक नाटकात डॉक्टरनंही घातला होता. या वेळी कपडे सत्यशीलाकडून करून घ्यावेत असं पुंडलिकनं सुचवलं आणि तिला वहीसकट कमिटीसमोर आणलं.

"मखमल नाही तं राजा ओळखाचा कसा?" धोंडबाजींनी विचारलं.

"पाहणाऱ्याले कळंल," सत्यशीला म्हणाली. कमिटीसमोर ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती, पण आवाज सरळ होता. "राजाचं कापड तलम राहील, पाथरवटाचं जाडंभरडं. चमक कोणाच्याच अंगावर नाही."

धोंडबाजींनी तिची वही पुढून पाहिली, मागून पाहिली. "पोरी, कागदावर सगळंच चांगलं दिसते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पाच वाजता एक ड्रेस अंगावर दाखव. नायिकेचा. कमिटीले पटला तं चौदाही ड्रेस तुझे. नाही पटला तं सोमवारी सकाळी मी नागपूरले तार करतो."

बाहेर आल्यावर पुंडलिकनं तिला सिविक सेंटरच्या बाजारात रस प्यायला नेलं. तो फार खुशीत होता. ती मात्र पेल्याच्या काठावरून बोट फिरवत बसली.

"भेव वाटते?" त्यानं विचारलं.

"वही बंद होती तोपर्यंत कोणी नापास नव्हतं करत," ती म्हणाली. "आता त्या दिवशी नाही पटलं तं मी पुन्हा वही उघडीन का... मले माहीत नाही."

पुंडलिकला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, की आपलं नाटक पडलं तरी चालेल, पण हिचा एक ड्रेस उभा राहिला पाहिजे. लेखकाच्या मनात असं येणं ही साधी गोष्ट नव्हे. जाणकारांनी ओळखावं, प्रकरण कुठपर्यंत गेलं होतं ते.

*

फेब्रुवारीत कापडाचं काम निघालं. सत्यशीलानं दुर्गजवळच्या एका विणकराकडून हातमागाचं जाड सुती कापड आणलं. त्याला दगडाच्या धुळीत मुरल्यासारखा काळसर करडा रंग हवा होता, आणि तो बाजारच्या पुडीत मिळत नव्हता.

"मले लोखंडाचा गंज पाहिजे," तिनं सांगितलं. "गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवाचे. कापड हिरड्याच्या पाण्यात बुचकळून मग त्यात टाकाचं. जुने रंगारी असंच करत."

"सारं शहर पोलाद बनवून राहिलं," पुंडलिक म्हणाला, "अन् तुमी गंज मागून राहिल्या."

"पोलाद सगळ्यांले पाहिजे. गंजाले कोणीतरी विचारलं पाहिजे ना."

भंगारवाल्याकडून त्यानं पिशवीभर गंजके खिळे आणले. सत्यशीलाच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात मडकं ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी झाकण काढलं तेव्हा असा आंबूस वास सुटला, की तिची आई रुक्माबाई शेजारच्या घरी निघून गेली. सत्यशीलानं पदर खोचला, कापड बुडवलं आणि वर काढलं. पिवळट कापड बघता बघता हवेत काळवंडायला लागलं. ती ते उन्हात धरून पाहत होती. गालाला करडा डाग, हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की पुंडलिकला वाटलं, आपण आजवर सुंदर हा शब्द उगाच कुठेही वापरत आलो.

"काय पाहून राहिले?" तिनं विचारलं.

"रंग," तो म्हणाला.

"रंग इकडं आहे."

"हो का... मले तिकडं दिसला."

तिनं काळ्या हातानं त्याच्या नाकाला एक बोट लावलं आणि कापड झटकायला वळली. पुंडलिक त्याच नाकानं सायकल चालवत घरी गेला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घोळ झाला. उत्पलाचा चोळीवजा अंगरखा सत्यशीला स्वतः शिवणार होती, तर केंद्रातल्या मुलींची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत लागली. पुंडलिक म्हणाला, "लहानू टेलरले देऊ. मी तुमच्या स्केचवरून पक्कं ड्रॉइंग काढून देतो. मापं सगळी मांडून."

त्यानं मन लावून ड्रॉइंग काढलं. कारखान्यातल्यासारखं, शाईच्या पेननं, खाली उजव्या कोपऱ्यात चौकटही आखली: काढणार, तपासणार, मंजूर करणार. ते दाखवायला तो रुआबांध्याला गेला तेव्हा सत्यशीला परीक्षा घ्यायला केंद्रात गेली होती. घरी तिचे वडील होते. देवाजी मशीन शॉपमध्ये चार्जमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे. कमी बोलणारे आणि कागद नीट पाहणारे म्हणून कारखान्यात त्यांचा दरारा होता. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा खालची चौकट पाहिली.

"मंजूरची सही कुठं आहे?"

"नाही जी, हे कारखान्याचं नाही. कपड्याचं आहे..."

"कशाचं का असंना. मंजूर नसलेल्या ड्रॉइंगले मी हात लावत नाही." त्यांनी कागद तसाच परत दिला.

वर एक नजर टाकली असती तर देवाजींना चूक दिसली असती. पण चौकटीच्या वर ते गेलेच नाहीत, आणि पुंडलिक तो कागद घेऊन थेट लहानूच्या दुकानात गेला.

*

रविवारी दुपारी बारा वाजता दोघं दुकानात पोचले. लहानूकाकांनी हयातभर कामगारांच्या डांगऱ्या शिवलेल्या. त्यांनी कौतुकानं पुडकं सोडलं. "घ्या. सुताइतकाही फरक नाही."

सत्यशीलानं अंगरखा उचलला. डावी बाही होती, घट्ट, लांब, अगदी त्या मूर्तीसारखी. डावी पाठ होती, डावी छाती होती. आणि बरोबर मधोमध, गळ्यापासून कमरेपर्यंत, कापड सरळ रेषेत संपलं होतं. कड बारीक दुमडून नीट शिवलेली. उजवी बाजू नव्हतीच.

"काका... उजवीकडचं कुठं आहे?"

"ड्रॉइंगमध्ये जेवढं आहे तेवढं शिवलं," लहानूकाका म्हणाले. "कारखान्याचं काम करून करून एक शिकलो बाई. आपलं डोकं नाही लावाचं."

पुंडलिकनं घाईनं ड्रॉइंग उलगडलं. कारखान्यात ज्या वस्तूच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, तिची एकच बाजू काढायची पद्धत. मधे तुटक रेघ ओढायची, आणि कोपऱ्यात इंग्रजीत बारीक लिहायचं, की रेघेच्या पलीकडे असंच समजावं. सहा वर्षांच्या सवयीनं त्यानं तेच केलं होतं. लहानूकाकांना ती रेघ म्हणजे कापडाची कड वाटली. कुणाला वाटली नसती?

"कापड किती उरलं?"

"हिचं खालचं वस्त्र तुमच्याकडं दिलं, बाकीचं कालच दुसऱ्या पाथरवटांच्या धोतरात अन् शेल्यात कापून काठ शिवाले बाहेर धाडलं. तुमीच सांगितलं होतं."

रंगवलेलं कापड संपलं होतं. मडक्यातलं खिळ्यांचं पाणीही संपलं होतं, नवं मुरवून रंगवायला पंधरा दिवस लागणार होते. कमिटी पाच वाजता बसणार होती.

"तू काय केलं हे?" सत्यशीला म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "अर्धं कावून काढलं? मी पुरं काढून दिलं होतं तुले."

तिनं त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. पुंडलिकनं ते ऐकलं, आणि ते अशा वेळी ऐकावं लागलं याचं त्याला रडू आलं.

"मी धोंडबाजींले सांगतो. माझी चूक आहे, मी पाया पडतो त्यांच्या. पंधरा दिवस मागतो..."

"गप राय जरा."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. मांडीवर तो अर्धा अंगरखा, त्यावर वही. सिरपूरचं पान उघडून ती कितीतरी वेळ नुसतं पाहत राहिली. पुंडलिक उन्हात उभा होता. त्याला वाटलं, ही आता वही मिटेल... आणि मिटेल ती कायमची.

"पुंडलिक," ती म्हणाली, "इकडं ये."

तो शेजारी बसला.

"हे पाह्य. मूर्तीचा उजवा खांदा. फुटला आहे, पण एवढा तुकडा उरला आहे. डाव्या खांद्यावर शिवणीची रेघ आहे. इथं मी रेघ काढली का?"

"नाही."

"कावून नाही काढली?"

"विसरली असशील."

"मी विसरत नाही. नव्हती म्हणून नाही काढली. हातानं बरोबर काढलं, डोक्यानंच म्हटलं, दोन्ही बाजू सारख्या." ती उठून उभी राहिली. डाव्या मुठीत तिनं न दिसणारी छिन्नी धरली, उजव्या हातात न दिसणारा हातोडा. एकदा मारला, दोनदा मारला. "हातोड्याचा हात मोकळा पाहिजे, बाही आडवी येते. अन् छिन्नीच्या हातावर दगडाच्या कपच्या उडतात. तो झाकलेला पाहिजे. हिले एकच बाही होती."

पुंडलिक तिच्याकडे बघतच राहिला. तीन अंक लिहूनही जी बाई त्याला दिसली नव्हती, ती भर दुपारी रुआबांध्याच्या बाजारात, टेलरच्या पायरीवर उभी होती.

"काका, मशीन द्या," सत्यशीला म्हणाली. "अन् तू सायकल काढ. घरी हिरड्यात रंगवलेला पिवळा पट्टा आहे, दोरीवर. घेऊन ये. आत छातीले तो गुंडाळू, वरून हे. उजव्या काखेखालून बंद घेऊन पाठीवर गाठ. चार वाजेपर्यंत झालं पाहिजे."

पुंडलिकनं त्या दिवशी सायकल जशी चालवली तशी पुढे कधीच चालवली नाही.

*

पाच वाजता कमिटी बसली. उत्पलाचं काम करणारी ललिता पडद्यामागून आली. गुडघ्याच्या वर थांबलेलं करडं वस्त्र, कमरेला जास्तीचे दोन वेढे, डाव्या हाताला घट्ट बाही, आणि उजवा हात खांद्यापासून मोकळा. कमरेला खोचलेलं एक फडकं. घाम पुसायला.

एक सभासद खाकरला. "हे... अर्धंच दिसून राहिलं. शिवायचं राहिलं का?"

सत्यशीला पुढं झाली नाही, तिनं समजावून सांगितलं नाही. ती फक्त ललिताला म्हणाली, "काम कर."

ललिता खाली बसली. तिनं डाव्या हातात छिन्नी धरली आणि उजव्यानं हातोडा उचलला. हात खांद्यापासून सरळ वर गेला आणि खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. फडक्यानं कपाळ पुसलं. परत हातोडा.

धोंडबाजी खुर्चीतून उठले. जवळ गेले, वाकले आणि ललिताच्या डाव्या बाहीकडे बघत राहिले.

"हे तुले कोणी सांगितलं?" त्यांनी सत्यशीलाला विचारलं.

"सिरपूरच्या एका मूर्तीवरून..."

"माझी माय रेल्वेच्या लाइनीवर गिट्टी फोडे," धोंडबाजी म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला कुणी ऐकला नव्हता. "डाव्या हाताले मनगटापासून चिंध्या बांधे. कपच्या उडतात म्हणून. उजवा मोकळा. आमी पोरं रोज सकाळी ती गाठ मारून देवो." ते खुर्चीत येऊन बसले, चष्मा काढून पुसला. "नागपूरले तार नाही जाणार. चौदाही ड्रेस ही पोरगी करंल."

जयंतीच्या दिवशी मैदान भरलं होतं. शेवटच्या प्रवेशात उत्पलाने दरवाज्यावरचा पडदा ओढला, दगड फोडणाऱ्या बाया दिसल्या, आणि टाळ्या थांबेनात. पुंडलिक विंगेत होता. टाळ्या त्याच्या नाटकाला होत्या, पण तो पाहत होता समोरच्या विंगेत उभ्या असलेल्या, स्वेटरला टाचण्या लावायची सवय म्हणून आज पदराला टाचण्या लावलेल्या मुलीकडे. तिच्या वहीतलं नसलं, तरी तिनंच केलेलं एक माणूस उभं राहिलं होतं. तिनं डोळे पुसले आणि मग दुसऱ्या बाजूनं त्याच्याकडे पाहून, हातानंच, श्वास घे म्हणून खूण केली.

*

त्यानंतरच्या रविवारी पुंडलिक रुआबांध्याला गेला तो हातात गुंडाळलेला कागद घेऊन.

"नवीन नाटक?" सत्यशीलानं अंगणातच विचारलं.

"नाही. एका पात्रासाठी ड्रेस पाहिजे."

तिनं कागद उलगडला. डाव्या बाजूला एक माणूस काढला होता. उंच, जरा वाकलेला, शर्टाच्या तिसऱ्या बटनाचा दोरा वेगळ्या रंगाचा. त्याच्या पुढं मधोमध तुटक रेघ. पलीकडे कोरा कागद. आणि कोपऱ्यात, या वेळी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'रेघेच्या पलीकडे असंच समजू नये. ती बाजू वेगळी आहे. जिची आहे तिनंच काढावी.'

तिनं त्या तुटक रेघेवरून बोट फिरवलं. मग मान वर न करता तिनं विचारलं, "कोण आहे हा?"

"काल्पनिक आहे."

"कोणत्या काळातला?"

"येत्या डिसेंबरातला... जमलं तं."

"ड्रेस कोणता पाहिजे?"

"नवरदेवाचा."

अंगणातल्या दोरीवरचे कपडे वाऱ्यानं हलत होते. पुंडलिकच्या कपाळावर घाम आला होता आणि रुमाल काही केल्या खिशात सापडत नव्हता.

"मले तू आवडते, सत्यशीला," तो म्हणाला. "बटन लावलं तेव्हापासून. नाही म्हणायचं असंल तं म्हण. मी दुसरं बटन तोडून आणीन, एवढंच."

सत्यशीला हसली. तिनं पदराचं टोक त्याच्या कपाळाला लावलं आणि घाम टिपला. मग केसांतली पेन्सिल काढून, कागद भिंतीवर दाबून धरला, आणि रेघेच्या पलीकडे काढायला लागली. एक मुलगी, खांद्यावर टेप, उजवा हात मोकळा, तो रेघ ओलांडून अलीकडे आलेला. खालच्या चौकटीत 'काढणार' समोर पुंडलिकचं नाव होतं, तिथं तिनं आपलंही लिहिलं. 'तपासणार' समोर सही केली.

"मंजूरची सही माझ्याकडं नाही," ती म्हणाली. "चल आत."

देवाजी खाटेवर पेपर वाचत होते. दोघं समोर येऊन उभे राहिले. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिल्यांदा खालची चौकट पाहिली. मग, पुंडलिकनं आजवर पाहिलं नव्हतं ते झालं: ते चौकटीच्या वर गेले. डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, ओळ वाचली, पुन्हा वाचली. दारात रुक्माबाई हात पुसत उभ्या होत्या.

"स्केल लिहिलं नाही," देवाजी म्हणाले.

पुंडलिक खिशात पेन शोधायला लागला.

"फुल साइज, बाबा," सत्यशीला म्हणाली.

देवाजींनी खिशातलं पेन काढलं. स्केलच्या जागी ते लिहिलं आणि मंजूरच्या जागी, कारखान्यात करायचे तशी, तारीख घालून पूर्ण सही केली. मग कारखान्यात घालतात तशीच, चौकट वर ठेवून, कागदाची घडी घातली आणि ती पुंडलिकच्या हातात दिली.

"आता हात लावता येते याले," ते म्हणाले, आणि रुक्माबाईंकडे वळून, "चहा चार कप ठेव."